हरिओमचे उपकार

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज.

अश्वजित, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दसऱ्याला तू ही वही हातात दिलीस आणि म्हणालास, "बाबा, घोर लागला की फोनवर रडू नका, ह्यात लिहा. मी आलो की वाचतो." मी हो म्हटलं आणि वही गादीखाली ठेवून दिली. माझं शिक्षण पाचवीपर्यंतचं, तेही मास्तर यायचे त्या दिवशीचं. चार ओळी लिहिल्या की मान भरून येते. पण आज घोरच असा लागला की वही काढावी लागली.

इंद्रभानची लेक अर्पिताताई नांदुऱ्याहून भाऊबिजेला आली. बंगल्याला नवा रंग दिलाय, व्हरांड्यात लायटिंगच्या माळा, सगळं कसं छान. बाजूच्या माझ्या खोलीतून मलाही बोलावलं होतं. ताईने हरिओमला ओवाळलं. हरिओमने ताटात साडी ठेवली. ताईने घडी उचलली तर खाली एक कागद. हक्कसोडाचा. बहिणीने बापाच्या इस्टेटीवरचा हक्क सोडला असा.

ताई म्हणाली, "भाऊ, हे ओवाळणी आहे का वसुली?"

हरिओमची बायको दीपमाला लगेच म्हणाली, "सगळ्याच बहिणी सही देतात, ताई. साडी घेतात, जेवतात अन् सही देतात. तुमीच काऊन निराळ्या?"

"मले निराळी राहू दे. साडी पन तूच नेस."

मग आवाज चढले. बाग इंद्रभानच्या नावाची आहे आणि ताईच्या लग्नाच्या वेळी त्याने सगळी हरिओमला जाईल असं मृत्युपत्र करून ठेवलंय, हे साऱ्या संग्रामपूरला माहीत आहे. पण बहीण उद्या कोर्टात गेली तर? म्हणून ही सही. हरिओमला पूर्ण बाग सोलरच्या कंपनीला द्यायची आहे, अर्धी ते घेत नाहीत म्हणे. ताई शेवटी म्हणाली, "हे घर मले मेलं आता." बागेत संत्री तोडणाऱ्या बायांनीही ते ऐकलं.

इंद्रभान पूर्ण वेळ खाली बघत बसला होता. मी घास तसाच ठेवून उठलो. माझ्यामुळे काही झालं नाही हे माहीत आहे, तरी मलाच लाज वाटत होती.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी नेहमीप्रमाणे काढा घेतला. तुला काढ्याचं माहीत आहे, तरी लिहितो. इंद्रभानला साखरेचा आजार निघाला तेव्हापासून तो गुळवेलीचा काढा घेतो. इतका कडू की डोळ्यांत पाणी येतं. पहिल्याच दिवशी त्याने अर्धा गिलास पिऊन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काऊन बे सहदेवा, गोड असते तवा वाटा मागते, कडू मी एकट्यानंच प्यायचं का?" तेव्हापासून त्याच गिलासातला अर्धा माझा. मला साखर नाही, काही नाही. पण लहानपणी शाळेच्या विहिरीवर मला वेगळं पाणी ओंजळीत ओतायचे, तेव्हा हा माझ्या ओंजळीला तोंड लावून पाणी प्यायला होता आणि घरी जाऊन त्याने मार खाल्ला होता. त्याच्या पुढ्यातल्या गिलासाला मी नाही कसं म्हणू?

ताई काल रात्रीच निघाली होती, इंद्रभानने हातापाया पडून तिला सोमवारपर्यंत थांबवलं. आज काढा पिताना हरिओमही व्हरांड्यात होता. इंद्रभान त्याला म्हणाला, "सोमवारी रजिस्ट्रीले जाऊन राह्यलो. ते जुनं मृत्युपत्र रद्द करतो. अर्धी बाग तुही, अर्धी अर्पीची. तिले सांगू नोका, गाडीत बसल्यावर मीच सांगीन."

हरिओमने चूळ भरली आणि तो बागेत गेला. मला वाटलं होतं आदळआपट करील. पोरगं शहाणं झालंय.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. कितीतरी वर्षांनी आला. खाटेवर बसला. तुझ्या आईचा, केसरचा फोटो पुसला. मग म्हणाला, "काका, तुमी काढा रोज पेताच का? एखाद दिवशी नाई पेला तं?"

मी म्हटलं, "तुह्या बापानं गिलास पुढं केला तं मले प्यावाच लागते."

त्याने फोटो पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाला, "काका, तुमच्या डोळ्यात फूल पडत चाललं. उद्या नांदुऱ्याच्या शाळेत डोळ्याचं शिबिर हाय. मी तुमचा नंबर लावून आलो. पहाटीच्या बसनं जा."

अश्वजित, तुझ्या मागे लागून लागून मी थकलो होतो डोळे दाखवायला ने म्हणून. तुला सुट्टी नाही हे समजतं मला. पण बघ, ज्याच्या डोक्यावर एवढं संकट तो माझ्या डोळ्यांचा विचार करतोय. मला भरून आलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर तो उठून गेला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

इंद्रभान गेला. लिहवत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

काल पहाटे हरिओम स्वतः मला उठवायला आला. मी म्हटलं, काढा घेऊनच निघतो, इंद्रभान वाट बघेल. तो म्हणाला, "नाई काका, डॉक्टरनं उपाशीपोटी बोलावलं. चहाही घेऊ नोका." त्याने मोटारसायकलवर संग्रामपूरच्या स्टँडवर सोडलं. खिडकीजवळ जागा धरून दिली. बस हलेपर्यंत तिथेच उभा होता. मी हात हलवला, त्याने हलवला नाही, नुसता बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

नांदुऱ्याला पोहोचलो तर शाळेला कुलूप. शिपाई म्हणाला, "बाबा, असं शिबिर इथं कधी झालंच नाही." मला वाटलं मीच शाळा चुकलो. दुसऱ्या दोन शाळा फिरलो. मग स्टेशनवर जाऊन भजी खाल्ली आणि परत आलो. फाटकाशीच बायांचा रडण्याचा आवाज.

ताईने सांगितलं ते असं. काढा रोज दीपमाला करते, पण तिचं डोकं दुखत होतं म्हणून काल ताईने उकळला. गिलास भरून व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला आणि ती आंघोळीला गेली. ती बाहेर आली तेवढ्यात इंद्रभान बागेतून फेरी मारून आला, गिलास हातात घेतला, माझ्या खोलीकडे बघून हाक मारली. मी नव्हतो. तो ताईला म्हणाला, "आज सहदेव पयाला वाटते. पूर्ण मलेच प्यावा लागते." आणि प्यायला. म्हणाला, "आज तं लयच कडू केला पोरी." थोड्या वेळाने उलट्या, तोंडाला फेस. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. डॉक्टर म्हणाले, फवारणीच्या औषधाचा वास येतो.

मी असतो तर अर्धा माझ्या वाट्याला आला असता. त्याच्या पोटात अर्धंच गेलं असतं. कदाचित वाचला असता. हा विचार छातीवर बसलाय. आणि दुसरा विचार असा की मी असतो तर आज तूही माझ्या मातीला आला असतास. नातवाच्या तोंडून "आजोबा" ऐकायचं होतं, ते राहिलं असतं. हरिओमने मला चुकीच्या शिबिराला धाडलं नसतं तर मी नसतो. ह्या चुकीबद्दल त्याचे उपकार कसे मानावे, कळत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

अर्पिताताईला पोलिसांनी नेलं. काढा तिने केला, भांडण तिने केलं, घर मेलं असं ती म्हणाली, आणि बाया साक्षीला आहेत. औषधाचे डबे बागेच्या शेडमध्ये उघडेच असतात, कोणीही घेऊ शकतं, असं ती सांगत होती. कोणी ऐकेना.

गाडीत बसताना ती म्हणाली, "काका, तुमी तरी सांगा न. मी बाबाले मारीन का?" मी दाराआड सरकलो. खाकी कपड्यांना मी किती भितो, तुला माहीत आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की आत्तापर्यंत जेवण गेलेलं नाही.

लहानपणी तिला खांद्यावर घेऊन मी संत्र्याच्या रांगांतून फिरायचो. तिची मुलगी आता बारावीला आहे, नांदुऱ्याला एकटी. तिने काय करावं? शाळेत जावं का तुरुंगात आईला डबा न्यावा?

दीपमाला म्हणाली, "आता कळलं न सही काऊन मागत होतो ते. अशी बाई." हरिओम तिच्यावर ओरडला, "चूप बस!" आणि भिंतीवर मूठ आपटली. बहिणीची माया शेवटी तुटत नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

हरिओम माझ्यासाठी रोज जेवणाचं ताट पाठवतो. मी परत पाठवतो, तो पुन्हा पाठवतो. काल संध्याकाळी स्वतः आला. मी म्हटलं, "पोरा, ताईले सोडव. चांगला वकील कर." तो म्हणाला, "काका, तुमी पुण्याले अश्वजितकडं जा. इथं राहू नोका. तिकीट मी काढतो." मी म्हटलं, ताई सुटल्याशिवाय मी हलत नाही. तो माझ्या पायाशी बसला आणि रडला. बापासाठी रडला असेल. मीही रडलो. ह्या घराने मला खोली दिली, तुझं कॉलेज केलं, केसरच्या शेवटच्या दिवसांत ह्याच्याच बापाने गाडी दारात उभी ठेवली. आणि आता हे पोरगं. मी कुणाकुणाचे उपकार फेडू?

शनिवार, १ नोव्हेंबर

धीर केला. गेलो पोलीस स्टेशनला.

रात्रभर ताईचा चेहरा डोळ्यांपुढे होता. सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहिलो आणि निघालो. फौजदार एक मॅडम आहेत, तुझ्यापेक्षा लहान असतील. मी हात जोडून उभा राहिलो तर खुर्ची दिली. पाणी दिलं. मी म्हटलं, "मॅडम, अर्पिताबाईनं हे केलं नाई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिले माहीत हाय की अर्धा काढा मी पेतो. ती मले मारन का? ती माह्या खांद्यावर वाढली."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "अर्धा तुम्ही पिता? रोज?"

"हाव. अख्ख्या गावाले माहीत हाय."

"मग त्या दिवशी का नाही प्यालात?"

मला वाटलं, आता माझ्यावरच येतं की काय. मी खरं तेच सांगितलं. हरिओमचे किती उपकार आहेत ते सांगितलं. म्हटलं, त्याने माझा डोळ्याचा नंबर लावला, आदल्या दिवशी खोलीत येऊन काढ्याची चौकशी केली, पहाटे उठवायला स्वतः आला, चहासुद्धा घेऊ दिला नाही, बस हलेपर्यंत उभा राहिला. म्हणून मी जिवंत आहे. शिबिर तिथं नव्हतं, ती त्याची चूक, पण त्या चुकीने माझ्यावर उपकारच झाले.

मॅडम म्हणाल्या, "काढ्याची काय चौकशी केली? त्याचे शब्द आठवतात?"

आठवतात की. सांगितले. सोमवारच्या रजिस्ट्रीचं विचारलं, तेही सांगितलं. इंद्रभान ते फक्त आम्हा दोघांपुढे बोलला होता, ताईला माहीत नव्हतं. मॅडमने सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आलात हे फार बरं केलं. शिपाई तुम्हाला घरी सोडेल."

एवढी माणुसकी पोलिसांत असते हे मला माहीत नव्हतं. मी उगाच आयुष्यभर भ्यालो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हरिओमला धरलं.

मी फाटकाशी धावलो. मॅडमला म्हटलं, मी तर त्याची स्तुती केली होती! तुम्ही लिहून घेतलं ते उलटं लिहिलं काय? त्यांनी मला हाताला धरून बाजूला बसवलं. हरिओमला जीपकडे नेत होते. दीपमाला मला म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजले तुमी!" मी असं काय केलं?

हरिओम तिला म्हणाला, "त्यायले काही बोलू नोको." मग माझ्याकडे पाहिलं. "काका, पुण्याले गेले असते तं बरं झालं असतं."

तेवढंच. जीप गेली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ताई सुटली. ती थेट माझ्या खोलीत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "काका, तुमच्यामुळं सुटली मी." मी म्हटलं, "माह्यामुळं कशी? मी तं हरिओमचं चांगलं सांगाले गेलो होतो." ती माझे हात हातात घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, आता त्यालाही सोडवू. ती म्हणाली, "काका, जेवलात का?"

तुला फोन केला तेव्हा तूही तसंच केलंस. "बाबा, मॅडमला जे सांगितलं ते मला सगळं परत सांगा," म्हणालास. सांगितलं. मग म्हणालास, "बाबा, तुमचं काही चुकलं नाही." चुकलं नाही तर सगळे माझ्याशी असे हळू का बोलतात, आजारी माणसाशी बोलावं तसे?

कधी कधी दुपारी खाटेवर पडलं की एक विचार दारात येऊन उभा राहतो. मी त्याला आत घेत नाही. उठून बागेत जातो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हरिओमचा वकील आला होता. चांगला कोट घातलेला माणूस, खुर्ची नको म्हणून खाटेवरच बसला. म्हणाला, "बाबा, तुमचं वय झालं. कोर्टात तुम्हाला विचारतील. तुम्हाला त्या दिवशीचं नीट आठवत नाही, एवढंच सांगायचं. शिबिराचं कोणी सांगितलं, कोणी नेलं, काही आठवत नाही."

मी म्हटलं, "मले सगळं आठवते."

"आठवत असलं तरी. हरिओमचाच निरोप आहे. तो म्हणाला, काकांना म्हणा, विसरून जा."

अश्वजित, मला फार वाईट वाटलं. ज्याने मला हाताला धरून मरणाच्या तोंडातून बाजूला केलं, त्याचं नाव मी विसरू? भर कोर्टात? लोक म्हणतील, सहदेव खाल्ल्या मिठाला जागला नाही. मी वकिलाला म्हटलं, "साहेब, मी गरीब असन, पन एवढा नमकहराम नाई. तुमी मले जजसमोर उभं करा. मीच सांगतो. ज्या पोरानं एका बुढ्याले वाचवाले एवढी धडपड केली, तो सख्ख्या बापाले मारन का? जज बी माणूसच हाय. त्याले समजन."

वकिलाने फाईल बंद केली. जाताना वाकून नमस्कार केला. का केला, कळलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालंही नाही, झालं ते चांगलंच. ताईने नांदुऱ्याहून बदलीचा अर्ज केलाय, बंगल्यात राहायला येणार. झाडं तोडायची नाहीत म्हणते. दीपमाला माहेरी गेली. ताईने मला खोली सोडून बंगल्यात यायला सांगितलं, मी नको म्हटलं, केसर ह्या खोलीत गेली. ताईने मग खोलीलाच नवी खिडकी पाडून दिली. सकाळचं ऊन आत येतं. खऱ्या दवाखान्यात नेऊन डोळ्याचं ऑपरेशन केलं. आता दिसतं मला, अश्वजित. ही अक्षरं बघ, ओळीत आली आहेत. नातू परवा फोनवर "आजोबा" म्हणाला. माझ्यासारख्याला एवढं मिळालं, कुणाचे आभार मानू आणि कुणाचे सोडू?

पण एकाचे राहिले आहेत. तुरुंगात भेटायला गेलो होतो. दोन वेळा गेलो. त्याने भेट नाकारली.

म्हणून आजचं बाकीचं पान त्याचं आहे. तू आलास की फाडून त्याला पोहोचव.

हरिओम, पोरा, तू मला भेटला नाहीस म्हणून मी रागावलो नाही. तिथे जेवण कसं आहे, पांघरूण पुरतं का, काहीच कळत नाही. ताईही विचारते. तोंडाने विचारत नाही, पण स्वेटर विणते आहे आणि तो माझ्या मापाचा नाही.

तुझा वकील विसरा म्हणतो. मी विसरणार नाही. तू खोलीत येऊन काय विचारलंस, पहाटे मला कसं उठवलंस, चहा कसा घेऊ दिला नाहीस, बस हलेपर्यंत कसा उभा होतास, सगळं सगळं मी जजसाहेबांना सांगणार आहे, एक शब्द गाळणार नाही. कुणी दटावलं तरी सांगणार. खाकी कपड्यांची भीती आता गेली माझी. तुझ्यासाठी एवढं करायचं माझ्या नशिबात आहे, ह्याचं मला समाधान वाटतं.

फक्त तारीख मला कुणी सांगत नाही. ताईला विचारलं की ती विषय बदलते, वकील फोन उचलत नाही. माझं वय झालं, हिवाळा सहन होत नाही. मी राहिलो नाही तर तुझ्या बाजूने कोण बोलणार? तारीख लागली की मला कळव. कुणाच्याही हाती निरोप पाठव, पण लवकर पाठव.